ऑफिस सुटते तेव्हा

माणूस घरी असला की तो रिकामाच असतो, अशी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. मार्च २०२० पर्यंत ती माझीही होती. त्या महिन्याच्या २५ तारखेपासून सारा देश घरात बसला आणि माझे ऑफिसही एका पिशवीत बसून घरी आले.

पहिल्या दिवशी मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! लोकल नाही, डबा नाही, बुटांना पॉलिश नाही. वाचलेल्या तीन तासांत काय काय करायचे याची मी झोकात यादी केली. सकाळी व्यायाम, दुपारी वाचन, आणि संध्याकाळी माळ्यावर धूळ खात पडलेली बाजाची पेटी!

पंधरा दिवस झाले तरी त्या यादीतली एक ओळ खोडण्याचा योग आला नाही. आंघोळ मात्र अकरावर गेली. हिशेब करता करता मी मटार सोलायला बसे, आणि मटार सोलता सोलता साहेबांच्या फोनला उत्तर देई. परिणामी हिशेबात चुका निघू लागल्या आणि सोललेल्या मटारांत साली. दिवसभर काम करूनही काम झाल्यासारखे वाटेना, आणि दिवसभर घरात असूनही घरी असल्यासारखे वाटेना.

एके रात्री साडेअकराला मी अंथरुणात बसून आकडे जुळवीत होतो. पलीकडच्या कॉटवर आई जागीच होती. ती म्हणाली, "अरे, तुझं ऑफिस सुटतं तरी कधी?"

मी हसण्यावारी नेले. पण झोप लागेना. इतकी वर्षे मी स्वतःला मोठा शिस्तीचा माणूस समजत आलो होतो. ती शिस्त माझी नव्हतीच. ती सकाळच्या लोकलची होती, संध्याकाळी धडाधड खिडक्या लावणाऱ्या शिपायाची होती. मी ऑफिसातून कधी सुटलोच नव्हतो. मला रोज कोणीतरी सोडीत असे!

आणि हा प्रश्न विचारण्याचा आईला अधिकार होता. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. तिथे मालक कोणी नाही. लाटणाऱ्या बहिणीच भागीदार. माझ्या लहानपणी आई त्यांतली एक होती. पहाटे ती केंद्रावर जाई, आदल्या दिवशीचे वाळलेले पापड वजन करून देई, लाटणावळ घेई आणि भिजवलेल्या पिठाचा डबा घेऊन परत येई. मग ठेवणीतले नव्हे, पण धुतलेले लुगडे नेसून ती खिडकीशी पोळपाट मांडी. चुलीकडे पाठ करून बसे. त्या वेळी कोणी हाक मारली तरी हातातली लाटी पुरी झाल्याशिवाय ती ओ देत नसे. डब्यातले पीठ संपले की पोळपाट धुऊन भिंतीला उभा करी. तो उभा दिसला की आम्ही खुशाल तिच्या मांडीवर जाऊन पडावे!

चौथीत असताना शाळेच्या एका कागदावर 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता. मी त्यात लिहिले होते, 'काही नाही, घरीच असते.'

त्या रात्री हे मी तिला पहिल्यांदाच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या शाळेची फी कशातून भरली, तेही लिहायचंस की खाली."

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी नऊच्या आत आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि जिना उतरून फाटकापर्यंत जाऊन परत आलो. बाहेर जायला बंदीच होती. पण तेवढ्यानेही घरातून निघून ऑफिसात शिरल्यासारखे झाले. टेबल खिडकीकडे तोंड करून मांडले. दिवसभराचे काम सकाळीच एका कागदावर लिहिले, डब्यातल्या पिठासारखे मोजून. ते संपले की यंत्र पिशवीत घालून पिशवी खुंटीला. सारे साधले असे नव्हे. साहेबांचे रात्रीचे फोन थांबले नाहीत, आणि काही दिवस पीठच हाताबाहेरचे असे. पण हिशेबातल्या चुका कमी झाल्या, आणि मटारांतल्या सालीही.

आता आठवड्यातून दोनच दिवस मी घरून काम करतो. संध्याकाळी पिशवीची चेन वाजली की आतून आवाज येतो, "सुटलं का रे ऑफिस?"

"सुटलं," असे म्हणून मी पेटी पुढे ओढतो. थोड्या वेळाने पुन्हा आवाज येतो, "यापेक्षा ऑफिस जरा उशिरा सोडलंस तरी चालेल हो!"