‘तोप का सांचा’ आणि एक शाळा

हैदराबाद म्हटले की चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय आणि हुसेनसागर ही चार स्थळे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. पाहुणा आला की यजमान त्यास याच चार ठिकाणी फिरवून आणतात आणि पाहुणाही ‘हैदराबाद पाहिले’ असे म्हणत समाधानाने परततो. परंतु शहराची ओळख त्याच्या इमारतींपेक्षा त्याच्या शाळांतून अधिक होते, असे आम्हा शिक्षकी पेशातल्या माणसांस वाटते. म्हणून या खेपेस आम्ही वाचकांना अशा एका भागात नेणार आहोत, जेथे प्रवासी सहसा थांबत नाहीत. तो भाग म्हणजे गनफाउंड्री, आणि तेथील शाळा म्हणजे ऑल सेंट्स हायस्कूल.

नामपल्ली स्थानकावर उतरून आबिड्सच्या चौकात यावे. या परिसरात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांची जणू वसाहतच आहे. इ. स. १८३४ पासून चालत आलेले सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल येथलेच. तेथून पुढे गनफाउंड्रीकडे वळले की सेंट जोसेफ कॅथेड्रलचे दोन उंच मनोरे दिसू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या या प्रार्थनामंदिराच्या घंटा इटलीहून आणविलेल्या आहेत. त्यांचा नाद वाहनांच्या कोलाहलातूनही ऐकू येतो. या मंदिराच्या शेजारीच आपली शाळा आहे.

गनफाउंड्री हे नाव ऐकून मराठी माणसाने क्षणभर थबकावे, असा या जागेचा इतिहास आहे. दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या पदरी रेमाँ नावाचा एक फ्रेंच सरदार होता. तोफा ओतण्याचा कारखाना त्याने येथे इ. स. १७८६ मध्ये उभारला. लोक त्यास ‘तोप का सांचा’ म्हणत. त्या कारखान्याचे भग्नावशेष आजही या भागात आहेत. इ. स. १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा निजामाच्या बाजूने लढणाऱ्या कवायती पलटणी याच रेमाँच्या होत्या. हैदराबादेतील लोकांनी मात्र या परक्या माणसाला आपलेसे करून टाकले. कोणी त्यास ‘मूसा रहीम’ म्हणे, तर कोणी ‘मूसा राम’. मूसारामबाग हे नाव त्याच्याच आठवणीने आजवर टिकले आहे.

खर्ड्याच्या लढाईनंतर बरोबर साठ वर्षांनी, म्हणजे इ. स. १८५५ मध्ये, ऑल सेंट्स शाळा स्थापन झाली. पुढे तिचा कारभार सेंट गॅब्रिएलच्या बंधुसंघाकडे आला. हा संघही मूळचा फ्रान्समधलाच. एक फ्रेंच माणूस येथे तोफा ओतण्यास आला, आणि फ्रान्समध्येच जन्मलेल्या एका संघाने पुढे येथे मुले घडविण्याचे काम हाती घेतले. हे ‘ब्रदर’ धर्मोपदेशक नसतात. आजन्म अविवाहित राहून शिकविण्याचे व्रत घेतलेली ती माणसे असतात. शिक्षक सकाळी आला आणि घंटा होताच घरी गेला, हा प्रकार तेथे संभवत नाही, कारण शाळा हेच त्यांचे घर. वर्गानंतर मुलांजवळ कोणीतरी वडीलधारे असणे ही गोष्ट किती मोलाची आहे, हे सरकारी शाळेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस वेगळे सांगावयास नको.

या शाळेचे नाव देशभर झाले ते क्रिकेटमुळे. सय्यद आबिद अली, महंमद अझरुद्दीन, व्यंकटपती राजू आणि नोएल डेव्हिड हे चौघेही भारताकडून खेळले, आणि चौघेही येथले विद्यार्थी. एका शाळेने देशास इतके खेळाडू द्यावेत ही कौतुकाची गोष्ट खरीच. परंतु ही यादी वाचताना आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले.

आबिद अलींचेच उदाहरण घ्या. सेंट जॉर्जेस आणि ऑल सेंट्स या दोन्ही शाळांत ते शिकले. इ. स. १९५६ मध्ये हैदराबाद शालेय संघासाठी त्यांची निवड झाली, ती फलंदाजी किंवा गोलंदाजी पाहून नव्हे, तर त्यांचे क्षेत्ररक्षण निवड समितीच्या डोळ्यांत भरले म्हणून. केरळविरुद्ध त्यांनी ८२ धावा केल्या, आणि पारितोषिक मिळाले ते उत्कृष्ट क्षेत्ररक्षकाचे! पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबादने आपला संघ उभारला, तेव्हा खेळाच्या बळावर त्यांस तेथे नोकरीही मिळाली. त्या बँकेचे मुख्य कार्यालय याच गनफाउंड्रीत होते. इ. स. २०१७ मध्ये ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

धावफलकावर काढलेल्या धावांना रकाना असतो, घेतलेल्या बळींना असतो, परंतु अडविलेल्या धावांना नसतो. तरीही उन्हात तासन् तास उभे राहून, चेंडू आपल्याकडे येवो वा न येवो, सावध राहावयाचे, हे त्या शाळकरी मुलाने अंगी बाणविले होते. जे गुणपत्रिकेत उमटत नाही ते ओळखणारी नजर त्यास लाभली, आणि त्याचे आयुष्य मार्गी लागले. नोएल डेव्हिडही चपळ क्षेत्ररक्षक म्हणूनच ओळखले गेले. जवागल श्रीनाथ जायबंदी झाल्यामुळे इ. स. १९९७ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर त्यांस अचानक बोलावणे आले. त्यांच्या वाट्याला अवघे चार एकदिवसीय सामने आले, पण म्हणून त्यांचे कष्ट कमी ठरत नाहीत.

आबिद अलींनी इ. स. १९६७ मध्ये ॲडलेडला पहिल्याच कसोटीत एका डावात ५५ धावांत ६ बळी घेतले. पण आपल्या घरांतून त्यांचे नाव ध्यानात राहावे ते दुसऱ्याच कारणाने. २४ ऑगस्ट १९७१ हा गणेशचतुर्थीचा दिवस. लंडनच्या ओव्हल मैदानावर अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारत विजयाच्या उंबरठ्यावर उभा होता. प्राणिसंग्रहालयातील एक हत्तीणही त्या दिवशी मैदानात मिरविली होती. इंग्लंडच्या भूमीवरील आपल्या पहिल्या कसोटी विजयाचा शेवटचा चौकार मारला तो आबिद अलींनी. कर्णधार मराठी, मुहूर्त गणरायाचा, आणि फटका गनफाउंड्रीच्या या विद्यार्थ्याचा! मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक जुन्या मंडळींस तो दिवस आठवला असेल.

राजू हे डावखुरे फिरकी गोलंदाज. इ. स. १९९० मध्ये चंदीगडला श्रीलंकेविरुद्ध त्यांनी अठराव्या षटकापर्यंत गोलंदाजी केली. त्यांतली १३ षटके निर्धाव टाकून केवळ १२ धावांत त्यांनी ६ गडी बाद केले. एकाच टप्प्यावर पुन्हा पुन्हा चेंडू टाकणे ही सुवाच्य अक्षर गिरविण्यासारखीच साधना आहे. अझरुद्दीन यांनी तर इ. स. १९८४-८५ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिल्या तीनही कसोटींत शतके झळकावली आणि पुढे तीन विश्वचषक स्पर्धांत देशाचे नेतृत्व केले. त्यांच्या कारकिर्दीवर पडलेली छायाही येथे सांगितली पाहिजे. सामने निश्चितीच्या आरोपावरून इ. स. २००० मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांच्यावर आजन्म बंदी घातली, आणि इ. स. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरविली. शाळेच्या दिवाणखान्यात टांगलेल्या तसबिरींखाली आयुष्याची सगळी हकीकत लिहिता येत नाही. शाळा मुलास मैदानापर्यंत नेते, त्यापुढची वाट त्याची त्यालाच चालावी लागते.

आम्ही गेलो तो शनिवारचा दिवस होता. फाटकाबाहेरच्या पदपथावर काही मुले रबरी चेंडू झेलत होती. ‘‘अरे मियाँ, हल्लू फेक ना!’’ असा अस्सल दक्खनी पुकारा झाला. जवळच आमच्यासारखेच एक वृद्ध गृहस्थ नातवाची वाट पाहत उभे होते. नातवाने ‘‘आजोबा, अजून पाचच मिनिटं!’’ अशी विनवणी केली, तेव्हा त्यांचे मराठीपण कळले आणि आमचे बोलणे सुरू झाले.

‘‘गुरुजी,’’ आमचा पेशा कळताच ते म्हणाले, ‘‘शाळा चांगली आहे, तक्रार नाही. पण इंग्रजी शाळेची, तेलुगू सक्तीची, दक्खनी रस्त्यावरची. मराठीला जागा कुठे उरली?’’

प्रश्न केवळ त्यांच्या घरचा नव्हता. इ. स. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत तेलुगू अनिवार्य झाली आहे, आणि ज्या राज्यात राहावयाचे त्याची भाषा मुलांस यावी हे रास्तच आहे. आपल्या पूर्वजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभी केली, तिचे ऋण मोठे आहे. परंतु आज बहुसंख्य मराठी मुले अन्य शाळांत जातात, हे वास्तव आहे.

आम्ही त्यांस विचारले, ‘‘नातू ही दक्खनी कोणत्या पुस्तकातून शिकला?’’

ते हसले. ‘‘पुस्तक कसलं? खेळता खेळता शिकला.’’

आमच्या मते उत्तर येथेच आहे. जी भाषा मुलाच्या हाती काही काम देते, ती त्यास येते. मराठीचा आपण घरात एक जादा तास करून ठेवला, तर ती आणखी एका विषयाचे ओझे होईल. तीच भाषा गणेशोत्सवातील नाटुकल्यात, वसाहतीच्या हस्तलिखितात, आजीने सांगितलेल्या पाककृती उतरवून घेण्यात, भावंडांच्या भेंड्यांत वापरली, तर मूल ती झेल टिपावा तशी टिपेल. त्यासाठी गुण नसतील, प्रशस्तिपत्र नसेल. पण ज्याला रकाना नाही अशाच एका गुणावर आबिद अलींची निवड झाली होती, हे आपण नुकतेच पाहिले.

आज पालकांचा सारा जीव टक्क्यांत अडकलेला आहे. हैदराबादेत तर शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी भिंती भरून गेल्या आहेत. मराठी कुटुंबेही यास अपवाद नाहीत. खेळ, वक्तृत्व, नाटक, बालवीर पथक या गोष्टी नववीपर्यंत ठीक, पुढे ‘अभ्यास’, असा निवाडा घरोघर होतो. सर्वच मुले कसोटीवीर होणार नाहीत. ऑल सेंट्समधून बाहेर पडलेल्या हजारोंपैकी आपण नावे घेतली ती अवघ्या चौघांची. परंतु उरलेल्या हजारोंनाही उन्हात सावध उभे राहण्याची, हरल्यावर समोरच्याशी हस्तांदोलन करण्याची आणि परक्या भाषेतल्या सवंगड्यावर विश्वास टाकण्याची सवय लागली असेल, तर शाळेची ती कमाई कोणत्याही ढालीपेक्षा मोठी होय.

हैदराबादेस जाल तेव्हा चारमिनार अवश्य पाहा. मात्र एखाद्या सकाळी मुलानातवंडांना घेऊन गनफाउंड्रीकडेही वळा. रेमाँच्या कारखान्याचे अवशेष त्यांस दाखवा, खर्ड्याची गोष्ट सांगा आणि मग शेजारच्या शाळेची. गोष्ट मात्र मराठीतूनच सांगा.