विनोदी आहे ना?

भारतातून नाटक बोलवायचं ठरलं की आपल्या मंडळांत पहिला प्रश्न तारखेचा नसतो, तिकिटाचाही नसतो. "विनोदी आहे ना?" हा असतो. दुसरा प्रश्न, "टीव्हीवरचं कोणी आहे का त्यात?" या दोन चाळण्यांतून जे खाली उतरतं ते आपण बघतो, पोट धरून हसतो, मध्यंतरात बटाटेवडे खातो, नटांबरोबर फोटो काढतो आणि सोमवारी कामावर हजर होतो. यात वाईट काहीच नाही. आठवडाभर राबलेल्या माणसाला शनिवारी हसावंसं वाटलं तर त्याला दोष कोण देणार? माझं म्हणणं एवढंच की विनोदी आणि गंभीर अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे, ती मुळात फसवी आहे.

'ती फुलराणी'चंच घ्या. पु. लं.नी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून ते लिहिलं, १९७५ साली ते रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घराघरात पोचली. माझ्या पिढीने ती मुख्यतः ध्वनिफितींवरच ऐकली. मुंबईत असताना आपण त्या नाटकाला हसलो ते प्रोफेसरच्या खुर्चीत बसून. फूलवालीची भाषा अशुद्ध, आपली शुद्ध! अमेरिकेत आल्यावर खुर्ची बदलते. बँकेत फोन केला की आडनावातलं एकेक अक्षर सुटं करून सांगायचं, मीटिंगमध्ये एक वाक्य दोनदा बोलायचं, आणि ऑफिसातला आवाज वेगळा, घरातला वेगळा. मग कळतं, मंजुळा आपणच आहोत. भाषा बदलून जी बाई तयार झाली तिने आता जायचं कुठे, हा तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इकडे राहणाऱ्याला तर नाहीच नाही.

'वऱ्हाड निघालंय लंडनला'चंही तसंच. लक्ष्मण देशपांडे (ते २००९ साली गेले) एकटे उभे राहून बावन्न माणसं उभी करायचे. मराठवाड्यातल्या खेड्यातली ती मंडळी पहिल्यांदा विमानात बसतात आणि आपण लोटपोट होतो. पण विमानतळावर आईला आणायला गेलेला माणूस हे नाटक जरा वेगळं ऐकतो. बॅगेत लोणच्याच्या बरण्या, हातात मुलाने मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला कागद, आणि कस्टमचा अधिकारी काय विचारतोय ते कळत नाही. हसू येतंच, पण मध्येच कुठेतरी अडकतं.

आता उलट बाजू. 'नटसम्राट' म्हटलं की कमिटीतली मंडळी हात जोडतात. "रडवतं हो फार!" शिरवाडकरांचं हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आलं. त्याच्यामागे शेक्सपिअरच्या लिअरची सावली आहे. पण गणपतराव बेलवलकर हा माणूस अस्सल आपला. गप्पिष्ट, थट्टेखोर, थोडा हट्टी. डॉ. लागूंचं काम पाहा, निदान व्हिडिओवर तरी. पहिल्या अर्ध्या भागात प्रेक्षक किती वेळा हसतात ते मोजा. तो हसवतो म्हणूनच पुढे ते घर त्याला पारखं होतं तेव्हा पोटात तुटतं.

२०१६ साली नाना पाटेकरांचा 'नटसम्राट' सिनेमा आला तेव्हा आम्ही वीस-पंचवीस जण मिळून बघायला गेलो होतो. एरवी थिएटरबाहेर आमचा अर्धा तास तरी निरोपसमारंभ चालतो. त्या दिवशी कोणी फारसं बोललंच नाही. जो तो आपापल्या गाडीत जाऊन बसला, आणि एकही गाडी हलेना. लोक फोन लावत होते. आपल्याकडे शनिवारची रात्र म्हणजे तिकडे रविवारची सकाळ, आई-वडील उठलेले असणार. हे नाटक काही परदेशी गेलेल्या मुलांवर लिहिलेलं नाही. त्यातला मुलगा आणि मुलगी देशातच आहेत. तरी ते आपल्याला लागतं. ज्या गोष्टीबद्दल आपण एकमेकांशी कधी बोलत नाही ती गोष्ट तीन तास समोर उभी राहते, म्हणून लागतं.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. बारा नट, सेट, व्हिसा, विमानाची तिकिटं, सगळं जमवायचं तर ओळखीचा चेहरा लागतो, नाहीतर हॉल भरत नाही. मी इंजिनियर आहे, मला हिशेब समजतो. पण नाट्यवाचनाला यातलं काय लागतं? लेखकाच्या वारसांची परवानगी आणि त्यांचं मानधन, सहा खुर्च्या आणि लायब्ररीतली एक खोली.

आणि वाचणारे? ते आपल्या घरातच आहेत. सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील दिवसभर खिडकीशी बसून आपली वाट बघतात. त्यांच्यातल्या किती जणांनी तिकडे राज्य नाट्यस्पर्धेत, नाहीतर निदान गणेशोत्सवात कामं केलेली असतात! विचारा तरी. बेलवलकर वाचायला पंचाहत्तरीचा आवाज मिळाला तर आणखी काय हवं? मंजुळेसाठी आपल्या मुली आहेतच. त्यांचा 'ळ' आणि 'ठ' अजून रुळावर आलेला नाही, त्यामुळे सुरुवातीच्या प्रवेशांना मेकअपचीसुद्धा गरज नाही! प्रोफेसर व्हायला आजोबा तयारच असतात, नाहीतरी ते रोज उच्चार सुधारतच असतात.

तेव्हा भारतातून येणारं नाटक विनोदी असू दे, माझी तक्रार नाही. पण वर्षातून दोन संध्याकाळी आपण स्वतः वाचू या. सुरुवात 'फुलराणी'ने करावी, म्हणजे "विनोदी आहे ना?" विचारणाऱ्यांना छातीठोकपणे हो म्हणता येईल. उन्हाळ्यात पाहुणे आई-वडील आलेले असतात, तेव्हाच एखादा रविवार ठरवावा. पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे आहे. चहा करायचं कोणीतरी अंगावर घ्या.