बर्फावरचे वाहते बिऱ्हाड

वाचकहो, रात्री निजावे आणि सकाळी उठून पाहावे तो आपली वस्ती कोसभर पुढे सरकलेली, असे कधी झाले आहे का? उत्तर ध्रुवाजवळ असे एक बिऱ्हाड खरोखर होते. २१ मे १९३७ रोजी रशियन विमान तिथे बर्फावर उतरले. आणखी विमानांनी सामान आणले आणि चार माणसे व एक कुत्रा मागे ठेवून ती परतली. पायाखाली तीन मीटर बर्फ, त्याखाली चार हजार मीटरहून खोल समुद्र!

पापानिन हा प्रमुख, आणि चुलीपाशीही तोच. शिर्शोव्ह समुद्र तपाशी, फ्योदोरोव्ह हवामान पाही. अर्न्स्ट क्रेंकेल बिनतारी यंत्र सांभाळी. माझ्या मते सगळ्यांत जोखमीचे काम त्याचे. वारा, थंडी कितीही चोख मोजली, तरी आकडे मॉस्कोला पोचलेच नाहीत तर ती मोजणी कोणाच्या कामाची?

यंत्राला वीज हवी. त्यासाठी छोटी पवनचक्की उभारली होती. वारा सुटला की बॅटऱ्या भरत. वारा पडला की माणसांनीच दांडा फिरवायचा. आपल्या मोटेला निदान बैल तरी असत! मग ठरल्या वेळी क्रेंकेल टिंब-रेघांच्या भाषेत हवामान कळवी, पूर्वी तारघरात कडकट्ट ऐकू येई तसे.

त्याची गरज कोणाला, असे विचाराल. त्याच जूनमध्ये चकालॉव्ह ध्रुवावरून थेट अमेरिकेत विमान घेऊन गेला. ऑगस्टमध्ये लेवानेव्हस्की निघाला, विमानात सहाजण. ध्रुव ओलांडल्यावर एक इंजिन बंद पडल्याचा निरोप आला आणि पुढे आवाज तुटला. क्रेंकेल कानाला यंत्र लावून दिवसचे दिवस बसला. काही आले नाही. ते विमान आजतागायत सापडलेले नाही.

इकडे बर्फ दक्षिणेला वाहत ग्रीनलंडच्या बाजूला आला. १ फेब्रुवारी १९३८ ला वादळात तो फुटला. उरला तुकडा ३०० मीटर लांब, २०० मीटर रुंद. नंतर तोही तडकत राहिला. भेग तंबूखालून गेली तरी यंत्र उचलून दुसरीकडे मांडायचे आणि आपण कुठे आहोत ते कळवायचे. तेवढ्या खुणेवर १९ फेब्रुवारीला ‘तैमीर’ आणि ‘मुर्मान’ ही बर्फफोडी जहाजे तिथे पोचली. २७४ दिवस झाले होते. क्रेंकेलने शेवटचा निरोप धाडला आणि मगच तो बर्फावरून निघाला. कुत्राही बरोबर होता.