घरघर कोठली?

ध्वनिमुद्रणांतील नको तो आवाज पुसून टाकण्याचीं साधनें हल्लीं घरोघरीं झालीं आहेत. संगणकावर दोन कळा दाबल्या कीं काम झालें. परंतु तो आवाज मूळ मुद्रणांतच आहे, कीं आपल्या ऐकण्याच्या सामग्रींत वाटेंत कोठें शिरला आहे, हें आधीं पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. आमच्या कुटुंबांत गेल्या उन्हाळ्यांत हा प्रश्न उभा राहिला, तेव्हां पणास लागला होता एका दिवंगत माणसाचा आवाज.

आमचें घर शहापुरास; आत्याबाईंचें सासर मुरबाडास. त्यांच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सारें घर माई म्हणे, फार चांगलें गात. १९८६ सालीं त्याच घराच्या माजघरांत त्यांच्या गाण्याची एक कॅसेट भरली गेली. १९९४ मध्यें माई वारल्या. ती फीत आतां इतकी जीर्ण झाली आहे कीं, पुन्हां वाजविण्याची सोय नाहीं. मीं ती वेळींच संगणकावर उतरवून घेतली, आणि वैशाखांत लॅपटॉप, हेडफोन व त्याला जोर देणारा छोटा ॲम्प्लिफायर असा सरंजाम एका पिशवींत घालून किन्हवली-सरळगांवच्या वाटेनें मुरबाडास गेलों. आत्याबाई चौऱ्यायशीं वर्षांच्या. समोरचें बोलणें त्यांना धड ऐकूं येत नाहीं, हेडफोनांतून मात्र येतें.

दोन मिनिटें ऐकून त्यांनीं हेडफोन उतरविला. म्हणाल्या, "अरे, तंबोरा लागलेला नाहीं. खर्ज हलतो आहे. असल्या तंबोऱ्यावर माई गायलाच बसल्या नसत्या."

मीं हेडफोन कानास लावला. शेजारच्या घरीं जातें चालू असावें तशी बारीक घरघर गाण्याखालीं सतत चालली होती. त्यांच्या नातवानें ताबडतोब निदान केलें : जुन्या कॅसेटचा दोष, विजेच्या घरघरीच्या कंपनसंख्या छाटून टाकूं. मुलगा हुशार आहे, पण येथें थोडें गणित करणें भाग होतें. माई पांढरी पांचांत गात. त्या पट्टींत तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा सेकंदाला सुमारें १९६ कंपनांवर आणि खर्जाची तार ९८ वर लागते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिची घरघर ५० बरोबरच १००, १५०, २०० अशा पटींतही उमटते. खर्जाच्या ९८ शेजारीं ही १०० येऊन बसली, कीं सेकंदाला दोन हेलकावे पडणारच. आत्याबाईंच्या कानानें पकडले ते हेच. (वार्धक्यांत बहुधा उंच स्वर आधीं जातात, खालचे पुष्कळ काळ टिकतात.) छाटणी केली असती, तर घरघरीबरोबर तंबोऱ्याचाही बराच अंश गेला असता.

मग मीं गाणें थांबविलें. घरघर चालूच! म्हणजे कॅसेट निर्दोष. शहापुरास हीच सामग्री महिनाभर मुकाट चालली होती. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर ठेवला, आणि घरघर एकदम नाहींशी झाली.

आतां तारा पाहूं लागलों. चार्जर माजघरांतल्या जुन्या बोर्डावर होता. आत्याबाईंची खुर्ची दाराशीं, म्हणून ॲम्प्लिफायर पडवींतल्या नव्या बोर्डावर लावलेला. माजघराचें अर्थिंग तुळशीवृंदावनामागच्या खड्ड्यांत. पडवी मागाहून बांधली, तिचें अर्थिंग विहिरीजवळ निराळें, आणि पाण्याचा पंपही त्याच्यावरच. दोन्ही खड्डे स्वतःस जमीनच म्हणवितात, पण दोहोंचा विद्युद्दाब अगदीं सारखा असेलच असें नाहीं. तो जो थोडा फरक, त्याचा प्रवाह लॅपटॉप व ॲम्प्लिफायर यांना जोडणाऱ्या ध्वनीच्या तारेच्या जाळीदार वेष्टनांतून वाहूं लागतो. आणि तेंच वेष्टन ध्वनीचीही परतीची वाट असल्यामुळें तो गाण्यांत मिसळतो. पंप सुरू केला तेव्हां घरघर वाढली, बंद करतांच उतरली. त्यांत वैशाख, काळ्या पाषाणावरचा मुरूम भाजून कोरडा पडलेला, आणि कोरड्या जमिनींत वीज नीट जिरत नाहीं.

बोलावलेल्या वायरमननें सोपा उपाय सुचविला : एका प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. घरघर त्यानें थांबते हें खरें. परंतु उपकरणांत कधीं बिघाड झाला, तर जी वीज त्या तारेनें जमिनींत जावयाची, ती हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या अंगांतून वाट काढूं शकते. गाण्याच्या सुखासाठीं आत्याबाईंना ह्या धोक्यांत बसविणें मला मान्य नव्हतें. मीं एक लांब वायर आणून दोन्ही प्लग माजघराच्या एकाच बोर्डावर लावले. खर्च वायरीपुरता, घरघर बंद.

आत्याबाईंनीं कॅसेटची पहिली बाजू पुरी ऐकली. मध्यें कोणास बोलूं दिलें नाहीं. दोन्ही अर्थिंगे तपासून एकत्र जोडण्याचें काम परवानाधारक माणसाकडे सोंपविलें आहे, आणि तोंवर तुळशीमागच्या खड्ड्यांत रोज बादलीभर पाणी पडतें. फितीची स्वतःची बारीक सूं सूं गाण्यामागें आहेच. ती काढूं का म्हणून नातवानें विचारलें, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, "राहूं दे. तिच्यांत माईंचा श्वास ऐकूं येतो."