लंडनला जाताना एक दिवस राखून ठेवा

लंडनची सहल आखताना आपल्या यादीत बिग बेन, टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम ही नावे असतातच. त्यात वोकिंग आणि ब्रुकवुड ही दोन नावेही लिहा.

वॉटर्लू स्टेशनवरून वोकिंगला रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो. तिथली शाहजहान मशीद १८८९ साली बांधली गेली. भोपाळच्या शाहजहान बेगम यांनी मोठी देणगी दिली, म्हणून त्यांचे नाव. पुढचेच स्टेशन ब्रुकवुड. तिथल्या विस्तीर्ण दफनभूमीच्या मुस्लिम विभागात कुरआनचे दोन इंग्रजी भाषांतरकार विसावले आहेत. मार्माड्यूक पिकथॉल काही वर्षे मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. अब्दुल्ला यूसुफ अली मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले. त्यांचे भाषांतर जगभर घराघरांत पोहोचले. ते स्वतः मात्र डिसेंबर १९५३ मध्ये लंडनच्या थंडीत उघड्यावर निराधार अवस्थेत सापडले आणि लगेचच वारले.

दिवस ठरवताना नमाजच्या वेळा पाहा. जूनमध्ये मगरिब रात्री नऊनंतर होते, डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच. म्हणून हिवाळ्यात सकाळीच निघा, जोहर वोकिंगच्या मशिदीत अदा करा आणि उजेड आहे तोवर ब्रुकवुड गाठा.

कबरीपाशी मगफिरतची दुआ करा. आणि घरी परतल्यावर, ज्यांनी आपल्याला कुरआन शिकवला ते मोहल्ल्यातले वृद्ध उस्ताद कसे आहेत, हेही जाऊन विचारा.