गतांचे यवन

डॅन्यूबच्या काठाने पासाऊहून व्हिएन्नाकडे सायकल हाणत असताना एका तंबूतळावर निवृत्त शिक्षक भेटले. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी ताजमहाल काढला नाही. म्हणाले, "म्हणजे जुन्नर जवळच की! आमच्या गोथांनी तिथे पाण्याची टाकी खोदून दिली म्हणतात." शाळेच्या सहलीपासून शिवनेरी चढणाऱ्याला ही बातमी ऑस्ट्रियात कळावी!

श्रावणात तीच सायकल नाशिक रस्त्याला लावली. तिकडची वाट नदीच्या पातळीने सपाट, ट्रकचं नाव नाही. इकडे चाकणपर्यंत कंटेनर आणि मग खेडचा घाट. मंचर, कळंब मागे टाकून मुक्कामाला नारायणगावला खेटलेली वारूळवाडी गाठली. लॉजवाल्याने सायकल खोलीत घेऊ दिली, पण जादा गादीचे पैसे लावून. गादी मात्र दिली नाही.

सकाळी पावसात जुन्नर. गडावर गेलोच नाही. शिवजन्मस्थानाला खालूनच नमस्कार केला आणि लेण्यांकडे वळलो. इथल्या ब्राह्मी लेखांत तीन यवन (म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडचे परदेशी) दाते आहेत. इरिलाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी दिली. चिटाने शिवनेरीच्या लेण्यांत संघासाठी भोजनमंडप दिला. चंदाने मानमोडीच्या चैत्याचं दर्शनी काम करवलं. यांपैकी इरिल आणि चिट स्वतःला 'गतांचे' म्हणवतात. या गतांवरूनच स्टेन कोनो यांनी 1912 मध्ये निबंध लिहिला: गत म्हणजे गोथ, ती जुनी जर्मानिक जमात.

कोनो नॉर्वेचे भारतविद्यातज्ज्ञ. परमुलखात गाववाला भेटल्याचा आनंद मी समजू शकतो, पण काळ जमत नाही. लेखांची अक्षरं इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाकडची. तेव्हा गोथ विस्तुला नदीच्या आसपास. रोमन हद्दीची डॅन्यूब त्यांनी झुंडीने ओलांडली ती 376 साली. घाट चढता चढता मी कोनोंशी भांडत होतो. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की एकट्या व्यापाऱ्याला सगळ्या जमातीसाठी थांबावं लागत नाही. कल्याण बंदरात उतरून नाणेघाट चढला की तो जुन्नरात. पण 'ग' आणि 'त' या दोन अक्षरांवर एवढं लांबचं गणगोत? मला नाही पटत. स्वतःला यवन म्हणवणारे आणि बौद्ध संघाचे दाते, एवढं मात्र पक्कं.

भोजनमंडपात ओल्या बुटांनी बसून भाकरी खाल्ली आणि जरा चिडलोच. हे लेख म्हणजे काढून घेतलेले फोटो: नाव, कूळ, दान, ताठ मान. मला हवा तो बेसावध चिट. तो इथे जेवला का? ज्वारी त्याला पचली का?

हाच माझा कॅमेऱ्याचाही आजार. जर्मनीत माणूस टिपताना मी दहादा विचार करायचो. मृत बिस्मार्कच्या खोलीत 1898 मध्ये दोन फोटोग्राफर चोरून घुसले, त्या गदारोळातून पुढे 1907 चा कायदा आला: माणसाची छबी त्याच्या संमतीशिवाय छापायची नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उलटं. कॅमेरा दिसताच हमालाने क्रेट खाली ठेवला, टोपी सारखी केली, "पेपरात येणार का?" विचारलं आणि थेट चिटासारखा उभा राहिला. काढला फोटो. मग शेजारच्याने काढून मागितला, मग त्याच्या पोराने.

लेण्याद्री, नाणेघाट, खोडदच्या दुर्बिणी, सगळं यादीतच राहिलं. लिलाव सुरू झाला आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष उरलं नाही, तसा मी कामाला लागलो: आडत्याची बोटं, भाव ऐकून शेतकऱ्याने फिरवलेलं तोंड, क्रेटवर बसून वडापाव खाणारा ड्रायव्हर. दुपारी लॉजवाल्याचा फोन आला, खोली सोडताय की सायकलचं आणखी एका दिवसाचं भाडं लावू? म्हटलं, लावा.