वेगळा अ‍ॅम्प नेमका कुणाला लागतो?

बारा बाय सोळा फुटांचा हॉल, पडद्यासमोर दहा फुटांवर सोफा, आणि पडद्यावर दोन माणसं नेहमीच्या आवाजात बोलत आहेत. अशा वेळी समोरच्या स्पीकरला किती वीज लागते? साधारण एका वॅटचा दहावा भाग. पुढच्याच दृश्यात पूल उडतो आणि तोच स्पीकर क्षणभर त्याच्या शेकडो पट वीज मागतो. होम थिएटरसाठी वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा की नाही, हे त्या एका क्षणावर ठरतं.

दिवाळीच्या तोंडावर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हा प्रश्न हमखास कानावर येतो. घरी एव्ही रिसीव्हर आहे, पाच किंवा सात स्पीकर आहेत, सबवूफर आहे. आता वरून एक अ‍ॅम्प टाकला तर आवाज खुलेल का? घरोघरी होम थिएटर बसवण्याचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याला याचं उत्तर भिडेखातर ‘हो’ असं देणं सोपं असतं. पण यात लोकांच्या कष्टाचे पैसे जातात, आणि चार आकडे हाताशी असले तर कागदावर दहा मिनिटांत निकाल लागतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, त्याचे ओहम, बसण्याचं अंतर आणि आवाजाची पातळी हे ते चार आकडे.

आधी डेसिबलचा हिशेब. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वीज लागते, दहा डेसिबलने वाढवायचा तर दसपट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ ढोबळमानाने फक्त दुप्पट वाटते. म्हणून शंभर वॅटच्या जागी दोनशे वॅटचा अ‍ॅम्प आणला की हाती येतात तीन डेसिबल. हा फरक ऐकू येतो, पण ज्या आशेने लोक पैसे मोजतात तितका तो मोठा नसतो.

आता चारांतला पहिला आकडा. बाजारातल्या बऱ्याच स्पीकरवर सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबलच्या आसपास लिहिलेली असते. म्हणजे २.८३ व्होल्ट दिले, आठ ओहमच्या स्पीकरला एक वॅट, की एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळतो. तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर, मोकळ्या जागेत त्यातले साडेनऊ डेसिबल गळतात. सिनेमाचं मिश्रण ज्या पातळीवर होतं तिथे प्रत्येक मुख्य चॅनेलचं शिखर १०५ डेसिबलपर्यंत जातं. ऑटो-सेटअप नीट केलेल्या रिसीव्हरवर ही पातळी म्हणजे व्हॉल्यूमचं शून्य. त्या शून्यावर हा ८८ डेसिबलचा स्पीकर सोफ्यापर्यंत १०५ डेसिबल पोचवायला सुमारे ४५० वॅट मागतो. व्हॉल्यूम उणे दहावर आणला की ४५ वॅट. उणे वीसवर साडेचार वॅट. खोलीच्या भिंतींवरून परत येणारा आवाज मिळून गरज याहूनही कमी होते.

फ्लॅटमध्ये राहणारी बहुतेक कुटुंबं उणे वीसच्या आसपास थांबतात, कारण भिंतीपलीकडे शेजारी असतात आणि शून्यावरचा सिनेमा घरात फार वेळ सोसवतही नाही. साडेचार वॅटच्या गरजेसाठी ऐंशी-नव्वद वॅटचा रिसीव्हर समोर असताना वेगळा अ‍ॅम्प आणून आवाजात भर पडण्यासारखं काही उरत नाही.

रिसीव्हरच्या वॅटवर विश्वास किती ठेवायचा, ही शंका रास्त आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे म्युझिक सिस्टिमवर हजार-दोन हजार ‘पीएमपीओ’ वॅटचे स्टिकर असत आणि आतला अ‍ॅम्प प्रत्यक्षात मोजके वॅट देई. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटबद्दल नियम केला, त्यामुळे नावाजलेल्या कंपन्यांचे आकडे आज बरेच प्रामाणिक असतात. मात्र छापलेली अट वाचावी लागते. डेनॉनच्या एव्हीआर-एक्स३८००एच या मॉडेलवर १०५ वॅट लिहिले आहेत ते आठ ओहमला, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू असताना. नऊ अ‍ॅम्प एकाच पॉवर सप्लायवर जगतात. सगळे एकदम पूर्ण ताकदीने मागू लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला १०५ येणार नाहीत. सिनेमात मात्र सगळ्या चॅनेलवर एकाच क्षणी पूर्ण शिखर क्वचितच येतं, आणि घरगुती मांडणीत सर्वांत जड ओझं दुसरंच कुणीतरी उचलतं.

ते ओझं म्हणजे बेस. चित्रपटगृहांच्या आवाजासाठीच्या ‘टीएचएक्स’ मानकाची उभारणी करणारे टॉमलिन्सन हॉलमन यांच्या कामातून घरगुती थिएटरमध्ये ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर रुजला: त्याखालचा आवाज सबवूफरकडे, वरचा स्पीकरकडे. सबवूफरच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प असतो. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर ‘लार्ज’वरून ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० वर आणला की स्फोटाची बरीचशी ऊर्जा रिसीव्हरच्या डोक्यावरून उतरते. कितीतरी घरांत मोठे टॉवर स्पीकर आहेत म्हणून ‘लार्ज’ ठेवलेलं असतं आणि रिसीव्हर विनाकारण धापा टाकत असतो. हा बदल फुकट आहे. अ‍ॅम्पचा विचार त्यानंतर करावा.

मग वेगळा अ‍ॅम्प खरोखर कुणाला हवा? पहिलं नाव कमी ओहमच्या आणि कमी सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरचं. अमेरिकेतल्या मॅग्नेपॅन कंपनीचा एलआरएस हा पातळ, फळीसारखा उभा स्पीकर चार ओहमचा आहे आणि त्याची सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला ८६ डेसिबल आहे. चार ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट, तेव्हा एका वॅटचा आकडा निघतो ८३. मघाच्या उदाहरणापेक्षा पाच डेसिबल कमी, म्हणजे तिपटीहून जास्त वीज. जिथे ४५ वॅट पुरत होते तिथे ढोबळ हिशेबाने १४० वॅट, आणि तेही चार ओहमला. साध्या रिसीव्हरला हे पेलत नाही.

ओहमचा आकडा आणखी एका बाजूने तपासावा लागतो. केईएफच्या आर३ वर आठ ओहम लिहिलं आहे, पण त्याच तपशिलात किमान ३.२ ओहमही लिहिलं आहे. म्हणजे काही सुरांवर ओहम तिथवर उतरतात, आणि तेवढ्याच व्होल्टला त्या सुरांवर अडीचपट करंट वाहतो. मध्यम आवाजात चांगला रिसीव्हर हे निभावून नेतो. पण मोठ्या खोलीत, लांब बैठकीला, उणे दहाच्या वर ऐकायचं असेल तर करंट देऊ शकणारा अ‍ॅम्प घेणं योग्य. याउलट क्लिप्शच्या आरपी-८०००एफ या हॉर्नच्या स्पीकरवर ९८ डेसिबल छापलेलं आहे. अशा काही आकड्यांत खोलीचा हातभार धरलेला असतो, पण सात-आठ डेसिबलची सवलत मिळाली तरी विजेची गरज पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. अशा स्पीकरच्या मालकाने अ‍ॅम्पच्या दुकानाकडे वळण्याचं कारण नाही.

दुसरी गरज चॅनेलच्या संख्येची. डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरांत आलं, तेव्हापासून छतातही स्पीकर बसू लागले. वर सांगितलेला डेनॉन ११ चॅनेलची प्रक्रिया करतो, पण त्याच्यात अ‍ॅम्प नऊच आहेत. सात स्पीकर खाली, चार वर अशी मांडणी करायची तर दोन चॅनेलचा अ‍ॅम्प बाहेरून लागणारच. त्यावर समोरचे डावे-उजवे स्पीकर सोपवावेत. सर्वांत भूक असलेले स्पीकर वेगळ्या ताटावर बसले की उरलेल्या नऊंनाही मोकळीक मिळते.

तिसरी गरज सडपातळ रिसीव्हरवाल्यांची. मॅरँट्झचा सिनेमा ७०एस दिसायला देखणा आहे, पण चॅनेलमागे ५० वॅटचा. त्याला सातही चॅनेलचे प्री-आउट, म्हणजे बाहेर सिग्नल देणाऱ्या जोडण्या, दिलेले आहेत, त्यामुळे पुढे अ‍ॅम्प जोडायची वाट खुली राहते. बऱ्याच स्वस्त रिसीव्हरना सबवूफरशिवाय प्री-आउटच नसतो. अ‍ॅम्प पसंत करण्याआधी आपल्या रिसीव्हरची मागची बाजू पाहणं म्हणून गरजेचं.

आपल्याकडच्या विजेचाही विचार करावा. संध्याकाळी लोड वाढला की कित्येक गावांत २३० व्होल्टचे २०० होतात. जड ट्रान्सफॉर्मरच्या साध्या अ‍ॅम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कमी. डेसिबलमध्ये तो फरक सव्वाएवढाच आहे, पण जो अ‍ॅम्प आधीच काठावर आहे तो तिथेच क्लिप होतो. क्लिपिंगमध्ये लहरीचा माथा कापला जातो, आवाज चरचरीत होतो आणि जास्तीची ऊर्जा वरच्या सुरांत जाऊन ट्वीटर जळू शकतो. उष्णतेचंही तसंच. बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबलेला रिसीव्हर एप्रिल-मे मध्ये मधेच बंद पडला तर दोष वॅटचा नसतो, हवेचा असतो. वर चार-सहा इंच मोकळी जागा किंवा एक हळू फिरणारा पंखा तिथे उपयोगी पडतो.

“पण अ‍ॅम्प लावल्यावर आवाज भरदार होतो, मी स्वतः ऐकलंय,” असं अनेक जण मनापासून सांगतात. त्यांनी ऐकलेलं खोटं नसतं. फक्त नव्या अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, वेगळा असतो आणि अर्धा-एक डेसिबल मोठा आवाज माणसाला अधिक चांगला वाटतो. जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने आवाजाच्या पातळ्या जुळवून, अ‍ॅम्पची नावं झाकून चाचणी घेतली. स्वस्त रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या अ‍ॅम्पपर्यंत यंत्रं होती. श्रोत्यांना ती खात्रीने ओळखता आली नाहीत. अ‍ॅम्प आपल्या मर्यादेच्या आत चालत असेल तर असंच होतं. मर्यादा ओलांडली की फरक लख्ख ऐकू येतो, आणि वेगळ्या अ‍ॅम्पची खरी जागा तिथेच आहे.

ती मर्यादा आपण ओलांडतो का, हे घरी मोजता येतं. रिसीव्हर बंद करून समोरच्या स्पीकरच्या वायरी काढाव्यात. (व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर हा प्रयोग करू नये.) मग २०० हर्ट्झचा, उणे १२ डेसिबल पातळीचा टेस्ट टोन स्टिरिओमध्ये लावून व्हॉल्यूम आपण जास्तीत जास्त जिथे नेतो तिथे न्यावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून टर्मिनलवर मोजावं. आलेल्या आकड्याला चारने गुणलं की फुल लेव्हलचे व्होल्ट मिळतात. त्यांचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमने भागलं की वॅट. मीटरवर चार व्होल्ट दिसले तर फुल लेव्हलला सोळा, वर्ग २५६, आठने भागून ३२ वॅट. रिसीव्हर नव्वदचा असेल तर प्रश्न मिटला. हाच हिशेब चार ओहमच्या स्पीकरवर दीडशेच्या पुढे गेला तर अ‍ॅम्प घेणं शहाणपणाचं आहे, आणि तेव्हा संकोच करू नये.

घ्यायचाच ठरला तर वजन पाहून घेऊ नये. हायपेक्स, प्युरिफाय यांसारख्या कंपन्यांच्या मॉड्यूलवर बांधलेले आजचे क्लास डी अ‍ॅम्प हलके असतात, थंड राहतात आणि चार ओहमला भरपूर वॅट देतात. चार ओहमचा आकडा स्वतंत्र छापलेला नसेल तर विक्रेत्याकडे मागावा. जोडणी झाल्यावर रिसीव्हरचं ऑटो-सेटअप पुन्हा चालवावं, कारण गेन बदललेला असतो आणि सेंटर स्पीकर मागे पडून संवाद दबतात. सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून गुणगुण येऊ लागली तर आधी सगळी यंत्रं एकाच अर्थिंगच्या बोर्डवर आणावीत. अ‍ॅम्पच्या थ्री-पिन प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये, त्यात जिवाला धोका आहे.

ज्या हॉलपासून हा हिशेब सुरू झाला तिथे ८८ डेसिबलचे स्पीकर असतील आणि व्हॉल्यूम उणे वीसला थांबत असेल, तर अ‍ॅम्पसाठी बाजूला काढलेले पैसे मी आधी चांगल्या सबवूफरला लावायला सांगेन. मग समोरच्या टाइल्सवर जाड गालिचा आणि काचेच्या खिडकीवर जाड पडदा. आपल्या सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशा संवादांची जितकी वाट लावतात तितकी कोणताही नव्वद वॅटचा रिसीव्हर लावत नाही. नाशिकच्या बंगल्यात वीस बाय तीसची खास खोली, सहा मीटरवर बैठक आणि चार ओहमचे स्पीकर असतील, तर यादीत पहिला अ‍ॅम्पच येतो.